झाड आधी उपाशी राहते, मग वाळते



पंधरा दिवसांपूर्वी जालना जिल्ह्यातून एका ताईंचे पत्र आले. त्यांनी लिहिले आहे, "साहेब, आमची मोसंबीची बाग उन्हाळाभर हिरवी होती. टँकरने पाणी विकत घेऊन घातले. घरात आम्ही दोन घागरी कमी वापरल्या, पण झाडाला कमी पडू दिले नाही. मग पाऊस चांगला झाला, विहिरीला पाणी आले, आणि आता झाडे एकामागून एक वाळत आहेत. खोडाला भोके दिसतात. दुकानदाराने किडीचे औषध दिले, त्याचा उपयोग झाला नाही. पाणी नव्हते तेव्हा जगलेले झाड पाणी आल्यावर का मरावे?"

ताई, तुमचा प्रश्न वाचून मला २०१३ सालचा मे महिना आठवला. मी तेव्हा मराठवाड्यातल्या एका तालुक्यात होतो. दुष्काळाचे ते दुसरे वर्ष. एका शेतकरी दादांच्या दीडशे झाडांच्या बागेत उभा होतो. दुपारी पाने वळलेली होती, पण रंग हिरवा होता, आणि झाडांवर लिंबाएवढी फळे होती. दादांनी विचारले, "साहेब, फळे ठेवू का काढू?" मी हिरव्या पानांकडे पाहिले आणि सांगितले, "झाड तगडे आहे, ठेवा." दिवाळीपर्यंत त्यातली साठाहून अधिक झाडे वाळली. खोडावर भुसा दिसत होता, म्हणून मी कागदावर कारण लिहिले, खोडकिडा.

ते कारण अर्धेच होते, हे मला पुढे कळले. ते ज्या झाडाने शिकवले ते मोसंबीचे नव्हते. ते होते सात समुद्रांपलीकडचे एक पाइनचे झाड. आज त्याची गोष्ट सांगतो. गोष्ट लांबची आहे, पण शेवटी आपण तुमच्याच बांधावर येणार आहोत.

चिडाचा दूरचा भाऊबंद

पाइन हे नाव आपल्या शिवारात कोणी घेत नाही, पण त्याचा एक जिन्नस आपल्या गोठ्यात येऊन गेलेला आहे. जनावराला पोटफुगी झाली की जुनी माणसे गोडेतेलात टर्पेंटाइन कालवून पाजत. ते टर्पेंटाइन म्हणजे पाइनच्या खोडातून निघणाऱ्या चिकाचा अर्क. बद्री-केदारला जाऊन आलेल्या मंडळींनी तिकडच्या डोंगरउतारांवर सरळसोट वाढलेली, सुईसारख्या लांब पानांची झाडे पाहिली असतील. काही झाडांच्या खोडाला खाच पाडून खाली भांडे अडकवलेले असते. ते झाड चीड, म्हणजे हिमालयातला पाइन. सुक्या मेव्याच्या दुकानात चिलगोजा मिळतो, तोही हिमालयातल्याच एका पाइनची बी.

चिलगोज्यासारखीच खाण्याजोगी बी देणारा एक पाइन अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात वाढतो. त्याचे नाव पिन्यॉन. न्यू मेक्सिको राज्याचा तो राज्यवृक्ष आहे. तो ज्या पठारांवर वाढतो ती समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मीटर उंच. पाऊस आणि हिवाळ्यातले बर्फ मिळून वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाणी पडते. आपल्या माणदेशासारखाच तो कोरडा मुलूख. पिन्यॉन फार उंच होत नाही, पंचवीस-तीस फूट. वाढ अतिशय सावकाश, पण नीट राहिला तर काही शतके जगतो. तिथले पुएब्लो आणि नवाहो लोक पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या बिया वेचून खातात आणि विकतातही. त्याच्याच शेजारी जुनिपर नावाचे दुसरे सदाहरित झाड असते. जमीन तीच, पाऊस तोच, मुळे एकमेकांत गुंतलेली. या दोघा शेजाऱ्यांचे पुढे काय झाले ते पाहा.

पंधरा महिन्यांची कोरड

२००० सालापासून त्या भागात पाऊस कमी होत गेला आणि २००२ चे वर्ष फारच कठीण गेले. लॉस अलामोस या गावाजवळ शास्त्रज्ञ जमिनीतली ओल नियमाने मोजत होते. जमीन पंधरा महिने कोरडी राहिली, आणि त्यानंतर त्या ठिकाणच्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक पिन्यॉन झाडांनी प्राण सोडला. आधी पाने फिकी झाली, मग तांबूस, मग गळून गेली. हे एका गावापुरते नव्हते. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा या चार राज्यांत मिळून १२,००० चौरस किलोमीटर किंवा त्याहून अधिक रानावर ही अवकळा आली. आपला अख्खा सातारा जिल्हा त्यात मावून वर जागा उरेल.

शेजारचा जुनिपर मात्र बहुतांशी हिरवाच राहिला.

आता इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. त्या भागात १९५० नंतरच्या दशकातही मोठा दुष्काळ पडला होता. पाऊस तर तेव्हा २००२ च्या दुष्काळाहून कमी होता. तेव्हाही पाइन मेले, पण मुख्यतः शंभर वर्षांपुढची म्हातारी झाडे गेली. २००२-०३ मध्ये म्हातारी, तरणी, लहान-मोठी सगळीच गेली. पाऊस आधीच्यापेक्षा थोडा बरा असूनही मरण जास्त. असे का? फरक होता तो उष्णतेचा. दुसरा दुष्काळ अधिक तापलेला होता.

दार एकच

हे समजायला झाडाच्या पोटात शिरावे लागेल. झाडाच्या पानाला बारीक बारीक तोंडे असतात. पुस्तकात त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. पाइनच्या सुईवर ती ओळीने, खोलगट खळग्यांत बसवलेली असतात, आणि वरून मेणाचा लेप असतो. इतका बंदोबस्त कशासाठी? पाणी उडून जाऊ नये म्हणून. पण याच तोंडांतून झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू आत घेते आणि उन्हाच्या मदतीने त्याची साखर करते. म्हणजे पाणी बाहेर जायचे आणि अन्न आत यायचे दार एकच.

घराचे उदाहरण घ्या. बाहेर चोर फिरतो आहे म्हणून तुम्ही दार लावून घेतले. चोर आत आला नाही हे खरे, पण बाजारही आत येत नाही. मग घर कशावर चालते? कणगीतल्या दाण्यावर. झाडाचीही कणगी असते. खोडात, फांद्यांत, मुळांत त्याने पिठाच्या रूपाने अन्न साठवलेले असते. दार बंद असले तरी झाडाचा श्वास चालू असतो, रात्रीचाही. त्या श्वासाला अन्न लागते. रोज थोडे थोडे पीठ कणगीतून जाते.

पिन्यॉन सावध स्वभावाचा. जमीन सुकू लागली की तो दार लावून घेतो. शास्त्रज्ञ झाडाची तहान मोजतात ती अशी. पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, एक डहाळी तोडून लोखंडी डब्यात घट्ट बसवायची, कापलेले टोक बाहेर ठेवायचे आणि डब्यात वायूचा दाब वाढवत न्यायचा. टोकावर पाण्याचा थेंब कधी दिसतो ते पाहायचे. झाड जितके तहानलेले तितका जास्त दाब लागतो. आपल्या वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २० पट दाब लागू लागला, म्हणजे मालट्रकच्या चाकातल्या हवेच्या जवळजवळ तिप्पट, की पिन्यॉनची तोंडे मिटलेली असतात. जुनिपर हा धाडसी. ५०-६० पटींपर्यंत तहान गेली तरी तो दार किलकिले ठेवतो आणि कोरड्या जमिनीतून शेवटचा ओलावा ओढत राहतो.

मग जुनिपरच शहाणा म्हणायचा का? तसेही नाही. झाडातले पाणी बारीक नळ्यांतून वर ओढले जाते. ओढ फार झाली की नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि पाण्याची धार तुटते. मोटारीच्या फूटव्हॉल्व्हमध्ये हवा धरली की विहिरीत पाणी असूनही पाइपातून पाणी येत नाही, तसेच. जुनिपरचे लाकूड असे बनलेले आहे की त्यात बुडबुडा सहजी शिरत नाही, म्हणून त्याला धाडस परवडते. पिन्यॉनच्या नळ्या तेवढ्या कणखर नाहीत, म्हणून तो दार लावतो. ज्याची जशी प्रकृती तशी त्याची रीत.

थोडक्या दिवसांच्या दुष्काळात पिन्यॉनची रीत उत्तम. आपली ज्वारीदेखील पावसाने ओढ दिली की पाने वळवून थांबते आणि पाऊस आला की पुन्हा सरसावते. पण ज्वारीचा थांबा काही दिवसांचा, आणि पिन्यॉनला थांबावे लागले पंधरा महिने. कणगी किती दिवस पुरणार?

उष्णतेचा दुहेरी मार

इथेच उष्णता आपला हात दाखवते. हवा एक अंशाने तापली की तिची वाफ धरण्याची ताकद सुमारे सात टक्क्यांनी वाढते. वैशाखात धुणे तासाभरात वाळते ते यामुळेच. म्हणजे तापलेली हवा जमिनीतले आणि पानातले पाणी जोराने ओढते, आणि झाडाला दार लवकर लावावे लागते. हा एक मार. दुसरा असा की उष्णतेने झाडाचा श्वास वाढतो. मिळकत बंद आणि खाणारी तोंडे वाढलेली, असा तो प्रकार.

हे नुसते अनुमान नाही. ॲरिझोनात बायोस्फिअर-२ नावाचे एक प्रचंड काचघर आहे. शास्त्रज्ञांनी पिन्यॉनची झाडे मुळांसकट तिथे नेली. काही झाडे नेहमीच्या तापमानात ठेवली, काही सुमारे चार अंश जास्त उष्णतेत. मग दोन्हीकडचे पाणी तोडले. उष्ण बाजूची झाडे जवळजवळ एक तृतीयांश लवकर मेली. हा प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाला. त्या काचघरात झाडांना मारायला कीड नव्हती. नुसती कोरड आणि उष्णता पुरली.

दुसरा प्रयोग न्यू मेक्सिकोतच सेव्हिएटा इथे झाला. २००७ पासून तिथे पिन्यॉन-जुनिपरच्या रानात झाडांखाली प्लास्टिकच्या पन्हाळी बसवून पडणाऱ्या पावसाचा सुमारे ४५ टक्के भाग बाहेर काढून दिला. वर्षभरातच पिन्यॉन मरू लागले. जुनिपर टिकले, पण काही वर्षांनी त्यांनाही झळ लागलीच. धाडसालाही मर्यादा असते.

प्रारंभी काही जणांना वाटले, पिन्यॉन भुकेने मरतो. काहींना वाटले, नाही, तहानेने. दोन्हीकडून बरीच वर्षे वाद झाला. २०१७ साली जगभरातल्या २६ जातींच्या झाडांवरचे प्रयोग एकत्र मांडले गेले. त्यात दिसले की मरणाऱ्या प्रत्येक जातीत पाण्याच्या नळ्या मोठ्या प्रमाणात निकामी झालेल्या होत्या, आणि पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत बऱ्याचदा साठवलेले अन्नही घटलेले होते. म्हणजे भूक आणि तहान या दोन बहिणी आहेत. एक दाराशी आली की दुसरी मागे उभी असते.

राखणदार आणि चोर

तुम्ही म्हणाल, साहेब, कीड कुठे गेली? तीच आता येते.

पाइनच्या खोडातला तो चिकट चीक उगीच नसतो. तो त्याचा राखणदार आहे. एखादा भुंगेरा साल पोखरायला लागला की चीक वाहत येतो आणि त्याला बाहेर लोटतो किंवा तिथेच चिकटवून मारतो. पण हा चीक तयार करायला अन्न लागते, आणि तो जोराने बाहेर यायला झाडात पाणी भरलेले असावे लागते. कणगी रिकामी आणि नळ कोरडा झाला की राखणदार झोपला असे समजा.

पिन्यॉनवर येणारा भुंगेरा जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढा, चार-पाच मिलिमीटरचा. नर आधी साल पोखरून आत घर करतो आणि एक वास सोडतो. त्या वासावर माद्या येतात, आणखी नर येतात. थोड्याच दिवसांत झाडावर झुंडच्या झुंड. माद्या सालीखाली बोगदे करून अंडी घालतात. भुंगेऱ्यांच्या अंगावरून बुरशी आत जाते, ती उरल्यासुरल्या नळ्याही तुंबवते. मग झाड वाचत नाही. गंमत अशी की मेल्यानंतरही त्याच्या सुया काही महिने हिरव्या दिसू शकतात. रस्त्याने जाणारा म्हणतो, छान रान आहे. प्रत्यक्षात ते रान गेलेले असते.

२००२-०३ मध्ये मेलेल्या बहुतेक पिन्यॉनच्या सालीखाली हाच भुंगेरा सापडला. वरवर पाहणारा कीड हेच कारण लिहील. मीही मोसंबीच्या बागेत तेच लिहिले होते. भुंगेरा त्या रानात पूर्वापार होताच. सशक्त झाडासमोर त्याचे काही चालत नव्हते. चोर गावात नेहमीच असतो. तो घरात शिरला, कारण राखणदाराला कित्येक महिने दाणा मिळाला नव्हता.

पाऊस आल्यावर का मरते

आता ताईंच्या प्रश्नाचा मुख्य धागा. पाऊस आला म्हणजे सगळे भरून आले, असे आपण धरतो. झाडाच्या शरीरात तसे होत नाही. तुटलेल्या नळ्या पाणी आले म्हणून लगेच जुळत नाहीत. झाडाला नवे लाकूड घालावे लागते, नवी मुळी फोडावी लागते, आणि त्या सगळ्याला दाणा हवा. तो तर कणगीत नाही. तशात पाऊस पडताच झाड नवी पालवी काढते आणि उरलेसुरले पीठ त्यात जाते. २०१५ साली जगातल्या १,३०० हून अधिक ठिकाणच्या रानांतली झाडांची वर्षवलये तपासून असे दिसले की मोठ्या दुष्काळानंतर झाडांची वाढ एक ते चार वर्षे मागे राहते. कोरड्या मुलखात आणि पाइनच्या कुळात हा परिणाम अधिक ठळक होता. दुष्काळ पंचांगातून गेला तरी झाडाच्या अंगातून जायला असा वेळ घेतो.

मोसंबी म्हणजे पाइन नव्हे, हे मला मान्य आहे. तिची साल वेगळी, कीड वेगळी, आणि पावसाळ्यात पाणी तुंबून होणारी मूळकूज, डिंक्या असे तिचे स्वतःचे आजारही आहेत. म्हणून ताई, आधी कृषी सहायकाला बोलवा आणि बुंध्याजवळची माती उकरून मुळे दाखवा. मुळाची साल कुजून सुटत असेल, डिंक वाहत असेल, तर उपाय निराळा. पण पानांची तोंडे, पाण्याच्या नळ्या आणि पोटातली कणगी ही पाइनला आहे तशी मोसंबीला, आंब्याला, डाळिंबालाही आहे. तोंडे मिटल्यावर अन्न थांबते हा नियम सगळ्यांना एकच.

दुष्काळात झाडाचे ओझे उतरवा

पिन्यॉनच्या रानाला कोणी पाणी देऊ शकत नव्हते. बारा हजार चौरस किलोमीटरला कोण टँकर लावणार? आपल्याकडे शे-दोनशे झाडे असतात, त्यामुळे आपण काही करू शकतो. मात्र ते झाड हिरवे असतानाच करायला हवे.

पहिली गोष्ट, झाडाकडे दुपारी पाहू नका, पहाटे पाहा. दुपारी पान वळणे साहजिक आहे. पण रात्रभर विसावा मिळूनही दिवस उगवताना पान वळलेलेच असेल, तर मुळाला पाणी सापडत नाही असे समजा. शास्त्रज्ञ पहाटे डहाळी तोडून जे मोजतात, तेच तुम्ही डोळ्यांनी पाहता आहात. शिवाय शेंड्याकडच्या एक-दोन काड्यांची साल नखाने खरवडून पाहा. आत ओलसर हिरवे असेल तर काडी जिवंत, तपकिरी कोरडे असेल तर ती गेली.

दुसरी गोष्ट, पाण्याची खात्री नसेल त्या वर्षी बहार धरू नका, आणि धरला गेलाच असेल तर फळे काढून टाका. फळ म्हणजे कणगीवरचा सर्वांत मोठा खाणारा. मन होत नाही, हे मी जाणतो. घरात लग्न असते, सोसायटीचे कर्ज असते. पण एका वर्षाच्या फळासाठी पंधरा वर्षांचे झाड गहाण पडते. त्या दादांना मी हेच सांगायला हवे होते.

तिसरी गोष्ट, वाळलेल्या, रोगट आणि आत दाटी करणाऱ्या फांद्या हलक्या हाताने काढा. सरसकट मोठी छाटणी करू नका, कारण उरलेल्या पानांनाच पुढे कणगी भरायची आहे. कापलेल्या जागी आणि बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे त्याचे प्रमाण.

चौथी गोष्ट, जमीन झाका. उसाचे पाचट, गव्हाचे काड, तुरीचे भूस जे असेल ते झाडाच्या सावलीभर तीन-चार इंच पसरा. थोडके पाणी असेल तर ते बुंध्याशी ओतू नका. पाणी पिणारी बारीक मुळे सावलीच्या कडेला असतात, तिथे द्या, संध्याकाळी द्या. भर उन्हाळ्यात पानांवर आठ टक्के केओलिन, म्हणजे दहा लिटर पाण्यात आठशे ग्रॅम, फवारले तर पांढऱ्या लेपामुळे पान कमी तापते.

पाचवी गोष्ट, पाऊस आल्यावर झाडाला आजारातून उठलेल्या माणसासारखे वागवा. तापातून उठलेल्याला आपण पेज देतो, पुरणपोळी नाही. तसे खत थोडे थोडे, विभागून द्या, पाणी तुंबू देऊ नका आणि पुढचा बहार धरण्याची घाई करू नका. खोडात भोक दिसले तर तारेने अळी काढा, कृषी सहायक सांगतील त्या औषधाचा बोळा आत घाला आणि शेणमातीने लिंपा. किडीचा बंदोबस्त हवाच. फक्त तो केला म्हणजे काम संपले असे मानू नका.

आणि एक गोष्ट मनाशी ठेवा. आपली वडीलधारी माणसे सांगतात, "बाहत्तरचा दुष्काळ या आंब्याने काढला, आताचा काय काढणार नाही?" त्यांचा अनुभव खोटा नाही. पण न्यू मेक्सिकोतल्या पिन्यॉननेही आधीचा दुष्काळ काढला होता, आणि तो तर अधिक कोरडा होता. १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले आहे. पावसाचा आकडा तोच असला तरी तापलेल्या हवेत त्याच पावसाचा लाभ झाडाला कमी मिळतो. म्हणून जुन्या दुष्काळाच्या मापाने नव्या दुष्काळाचा भरवसा धरू नये.

ताई, तुमची जी झाडे वाळली ती परत येणार नाहीत, हे लिहिताना मला वाईट वाटते. पण जी उभी आहेत त्यांना या वर्षी फळ मागू नका. उद्या पहाटे उठून बागेत एक फेरी मारा, प्रत्येक झाडाचे पान पाहा, चार काड्या खरवडा, आणि कोणत्या झाडात किती जीव आहे याची खूण दोऱ्याने बांधून ठेवा. तुम्ही दोन घागरी पाणी वाचवून झाडांना घातले, ते वाया गेले असे मानू नका. आज उभी असलेली झाडे त्याच पाण्यावर उभी आहेत.

ते दादा मला पुढे आठवड्याच्या बाजारात भेटले. त्यांनी बाग काढून तूर पेरली होती. मला त्यांनी दोष दिला नाही, उलट चहा पाजला. त्यांना जे सांगायचे राहून गेले, ते आज तुम्हा सर्वांना सांगितले.

पत्रे पाठवत राहा. पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी